धारिका प्रणालीतील आदान-प्रदान त्रुटी

धारिका प्रणालीतील आदान-प्रदान त्रुटी : संगणकाच्या साठवण-साधनावर माहिती लिहिताना किंवा त्यावरून ती वाचताना जे अपयश येते, त्यास आदान-प्रदान त्रुटी म्हणतात. अशी त्रुटी ओळखणे, तिची वार्ता योग्य घटकापर्यंत पोहोचविणे आणि माहितीची हानी टाळणे किंवा निदान मर्यादित ठेवणे, हे धारिका प्रणालीचे एक मूलभूत कार्य होय. धारिका म्हणजे फाईल. चुंबकीय तबकडी किंवा अर्धसंवाहक स्मृती यांसारख्या साधनावर असलेल्या एकसारख्या, क्रमांकित खंडांमधून नावे असलेल्या धारिका व त्यांच्या निर्देशिका निर्माण करणाऱ्या कार्यक्रमसमूहाला धारिका प्रणाली म्हणतात. ती सामान्यतः संगणकाच्या प्रचालन प्रणालीच्या गाभ्याचा भाग असते [→ संगणक].

साठवण-साधन बिघडणार हे गृहीत धरावेच लागते. तथापि माहिती नष्ट होण्याचे कारण नेहमी केवळ साधनाचा बिघाड हेच असते असे नाही. पुष्कळदा बिघाड लहान असतो, तो साधनाने कळविलेलाही असतो. परंतु ती वार्ता वाटेत कोठेतरी हरवते आणि ज्याने माहिती लिहिली त्याला लेखन यशस्वी झाले असेच उत्तर मिळते. बँकेच्या खात्यातील नोंद, रुग्णालयातील अहवाल किंवा आरक्षणाची यादी यांच्या बाबतीत नोंद झालीच नाही असे लगेच कळले, तर ती पुन्हा करता येते. झाली असे सांगितले गेले आणि प्रत्यक्षात ती झालेली नसली, तर ती पुन्हा करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. म्हणून या विषयात त्रुटी टाळण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती खरेपणाने कळविण्याला आहे.

माहितीचा मार्ग : अनुप्रयोग कार्यक्रमाने लेखनाची विनंती केल्यापासून माहिती साधनावर स्थिर होईपर्यंत ती अनेक स्तरांतून जाते. प्रथम ती प्रचालन प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतीत, विशिष्ट आकाराच्या पानांमध्ये, उतरविली जाते. त्यानंतर धारिका प्रणाली त्या पानांसाठी तबकडीवरील जागा ठरविते. खंड स्तर या विनंत्यांचा क्रम लावतो, चालक कार्यक्रम त्या साधनाच्या भाषेत मांडतो आणि शेवटी तबकडीतील नियंत्रक प्रत्यक्ष लेखन करतो. तबकडीच्या नियंत्रकाजवळही स्वतःची लहान स्मृती असते. वेग वाढावा म्हणून तो पुष्कळदा माहिती या स्मृतीत येताच लेखन झाले असे उत्तर देतो. त्यामुळे ही स्मृती रिकामी करण्याचा वेगळा आदेश साधनाला द्यावा लागतो.

त्रुटीची वार्ता याच मार्गाने उलट दिशेने प्रवास करते. युनिक्स व तिच्या परंपरेतील प्रचालन प्रणालींमध्ये ती त्रुटी-क्रमांकाच्या रूपाने कळविली जाते. आदान-प्रदानाच्या सर्वसाधारण अपयशासाठी ५ हा क्रमांक असून त्यास ‘ईआयओ’ असे सांकेतिक नाव आहे. साधनावरील जागा संपल्याचे लिनक्समध्ये २८ या क्रमांकाने (‘ईएनओएसपीसी’) आणि धारिका प्रणाली केवळ वाचनासाठी खुली असल्याचे ३० या क्रमांकाने (‘ईआरओएफएस’) समजते. ईआयओ या एकाच क्रमांकात बिघाडाच्या अनेक तऱ्हा सामावलेल्या असतात. केबल सैल झाली, सेक्टर वाचता आला नाही किंवा नियंत्रकाने वेळेत उत्तर दिले नाही, तरी अनुप्रयोगाला बहुधा हाच अंक दिसतो. वार्ता वर जाताना तिच्यातील तपशील असा कमी होत जातो.

त्रुटींचे प्रकार : तबकडी एकतर पूर्णपणे चालते किंवा पूर्णपणे बंद पडते, असे जुन्या धारिका प्रणालींच्या रचनेत बहुधा गृहीत धरलेले असे. प्रत्यक्षात बिघाड पुढील निरनिराळ्या रूपांत आढळतात.

(१) साधनाचा संपूर्ण बिघाड : यात कोणत्याही विनंतीला उत्तर मिळत नाही. हा प्रकार गंभीर असला, तरी ओळखण्यास सर्वांत सोपा असतो.

(२) सुप्त सेक्टर त्रुटी : तबकडीचा एखादा लहान भाग वाचता येत नाही, बाकीची तबकडी सुरळीत चालते. तो भाग वाचण्याचा प्रसंग येईपर्यंत ही त्रुटी लक्षात येत नाही, म्हणून तिला सुप्त म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठ व नेटॲप ही साठवण-साधने बनविणारी कंपनी यांच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५.३ लाख तबकड्यांचे ३२ महिन्यांचे वृत्त तपासण्यात आले. त्यांपैकी ३.४५ टक्के तबकड्यांत अशा त्रुटी आढळल्या.

(३) मूक विकृती : साधन वाचन यशस्वी झाल्याचे सांगते, परंतु दिलेली माहिती मूळची नसते. लेखन भलत्याच सेक्टरवर जाणे किंवा लेखन न करताच ते झाल्याचे कळविणे, या तिच्या दोन विशेष घातक तऱ्हा आहेत. सुमारे तेवढ्याच तबकड्यांच्या ४१ महिन्यांच्या वृत्तावर आधारलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पडताळा-अंक न जुळण्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग नोंदले गेले.

(४) क्षणिक त्रुटी : जोडणीतील गोंगाट, साधनावरील ताण किंवा जालकातील खंड यांमुळे एखादी विनंती फसते आणि तीच पुन्हा केल्यास यशस्वी होते.

(५) उशिरा कळणारी जागेची टंचाई : काही साठवण व्यवस्थांत प्रत्यक्ष असलेल्या जागेपेक्षा अधिक जागेचे आश्वासन दिलेले असते. अशा ठिकाणी अनुप्रयोगाचे लेखन स्वीकारल्यानंतर, ते साधनावर उतरविताना जागा अपुरी असल्याचे कळते.

त्रुटीची ओळख : सर्वांत साधा उपाय म्हणजे खालच्या स्तराने दिलेला त्रुटी-क्रमांक तपासणे. मूक विकृतीपुढे तो निरुपयोगी ठरतो, कारण तेथे क्रमांक यशाचाच असतो. दुसरा उपाय म्हणजे वाचलेला खंड अर्थपूर्ण आहे की नाही हे पाहणे, उदा., निर्देशिकेच्या खंडात ठरावीक खूण आहे काय, दर्शविलेला खंड-क्रमांक तबकडीच्या मर्यादेत आहे काय, इत्यादी. तिसरा उपाय पडताळा-अंकाचा होय. माहितीवर ठरावीक गणिती क्रिया करून एक अंक काढून ठेवतात आणि वाचनाच्या वेळी तो पुन्हा काढून ताडून पाहतात.

पडताळा-अंक कोठे ठेवावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तो त्याच खंडात ठेवला आणि नवे लेखन साधनाने गाळले, तर तेथे जुनी माहिती व तिचा जुना अंक हे दोन्ही शिल्लक राहतात. ते एकमेकांशी जुळतात आणि चूक निसटते. म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विकसित केलेल्या व २००५ मध्ये सोलॅरिस प्रणालीच्या मूळ संहितेत समाविष्ट झालेल्या झेडएफएस या धारिका प्रणालीत प्रत्येक खंडाचा पडताळा-अंक त्या खंडात न ठेवता त्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या खंडात ठेवला जातो. जामिनाची चिठ्ठी ऋणकोच्या पेटीत न ठेवता धनकोच्या पेटीत ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

त्रुटीवरील उपाय : त्रुटी ओळखल्यावर काय करावे याचे काही ठरावीक मार्ग आहेत.

पुनःप्रयत्न : क्षणिक त्रुटीसाठी हा मार्ग योग्य आहे. चालक कार्यक्रम सामान्यतः तो आपण होऊन अवलंबितो, उदा., लिनक्समधील स्कझी तबकडीचा चालक विनंतीच्या उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० सेकंद थांबतो आणि ५ वेळा पुनःप्रयत्न करतो. परंतु स्थायी बिघाडात पुनःप्रयत्न केल्याने केवळ विलंब वाढतो आणि कित्येकदा संपूर्ण संगणक खोळंबल्यासारखा दिसतो.

वार्ता वर पोहोचविणे : जो स्तर त्रुटी दुरुस्त करू शकत नाही, त्याने ती वरच्या स्तराला कळविणे.

पर्यायी जागा किंवा प्रत वापरणे : तबकडीच्या नियंत्रकाजवळ काही राखीव सेक्टर असतात. खराब सेक्टरवरील लेखन तो त्यांच्याकडे वळवितो. धारिका प्रणालीनेच माहितीच्या दोन प्रती ठेवल्या असतील, तर एका प्रतीचा पडताळा न जुळल्यास दुसरी प्रत वाचून पहिली दुरुस्त करता येते. झेडएफएसमध्ये ही सोय आहे.

काम थांबविणे : पुढे लेखन चालू ठेवल्यास हानी वाढण्याचा संभव असेल, तर धारिका प्रणाली केवळ वाचनापुरती खुली ठेवणे, ती बंद करणे किंवा संपूर्ण संगणक थांबविणे हे पर्याय असतात. लिनक्समधील ईएक्सटी ४ या धारिका प्रणालीत त्रुटीनंतर काम चालू ठेवावे, केवळ वाचन चालू ठेवावे की संगणक थांबवावा, हे व्यवस्थापकास ठरविता येते. एक्सएफएस या प्रणालीत रोजकीर्दीच्या लेखनात त्रुटी आल्यास ती प्रणाली स्वतःला बंद करून घेते. येथे रोजकीर्द म्हणजे धारिका प्रणालीच्या रचनेत करावयाच्या बदलांची आगाऊ केलेली नोंद होय. व्यापाऱ्याच्या वह्यांप्रमाणेच रोजकीर्द विश्वासार्ह नसेल, तर तीवरून होणाऱ्या खतावणीलाही अर्थ उरत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ईएक्सटी ३, रायझरएफएस, जेएफएस व एनटीएफएस या धारिका प्रणालींत मुद्दाम त्रुटी घालून त्यांचे वर्तन तपासले. एकाच प्रणालीच्या निरनिराळ्या भागांत एकाच प्रकारच्या त्रुटीवर निरनिराळे उपाय केले जातात, असे त्यांना दिसून आले. रायझरएफएस लेखन फसताच संगणक थांबविण्याकडे झुकणारी होती, तर ईएक्सटी ३ लेखनातील पुष्कळ त्रुटींकडे दुर्लक्ष करीत असे. तबकडीच्या अंशतः बिघाडातून सावरण्याची या प्रणालींची क्षमता अपुरी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

विलंबित लेखन : तबकडीचा वेग स्मृतीच्या वेगाच्या मानाने अतिशय कमी असल्याने बहुतेक प्रचालन प्रणाली लेखन लांबणीवर टाकतात. अनुप्रयोगाची माहिती गाभ्यातील पानात उतरली की ‘राइट’ या विनंतीला यशाचे उत्तर मिळते. ते पान ‘अलिखित’ म्हणून नोंदले जाते आणि काही वेळाने, लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीनुसार सुमारे अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर, साधनावर उतरविले जाते. या मधल्या काळात त्याच पानावर आणखी लेखन झाले, तर अनेक लेखनांचे काम एकातच भागते. या पद्धतीने वेग पुष्कळ वाढतो. परंतु लेखनाचे उत्तर आणि लेखनाची कृती यांचा सांधा निखळतो. पान साधनावर उतरविताना त्रुटी आली, तेव्हा ज्याने ते लिहिले त्या कार्यक्रमाला यशाचे उत्तर कधीच मिळालेले असते. त्याने धारिका बंद केलेली असू शकते किंवा तो कार्यक्रम संपलेलाही असू शकतो. मग त्रुटी कळवावयाची कोणाला?

ही अडचण नवी नाही. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या तांत्रिक नियतकालिकात युनिक्सच्या अंतर्रचनेवर लेख लिहिला. लेखन लांबणीवर टाकण्याच्या पद्धतीमुळे त्रुटी कळविणे व वापरणाऱ्याने तीवर अर्थपूर्ण उपाय करणे जवळजवळ अशक्य होते, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे मान्य केले होते. अशा त्रुटींबाबत युनिक्समध्ये आढळणाऱ्या बेफिकिरीचे एक कारणही त्यांनी हेच दिले होते.

या अडचणीवरील उपाय म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ४.२ बीएसडी या १९८३ मधील युनिक्स आवृत्तीत ‘एफसिंक’ ही विनंती उपलब्ध झाली. एखाद्या धारिकेची सर्व अलिखित पाने साधनावर उतरविल्यावाचून ती यशाचे उत्तर देत नाही. म्हणजे ‘राइट’चे यश ही केवळ पोच असून ‘एफसिंक’चे यश ही पावती होय. ज्या कार्यक्रमांना माहिती टिकण्याची हमी द्यावयाची असते, त्यांनी ‘एफसिंक’ करून तिचे उत्तर तपासल्यावरच ती हमी द्यावी, असा संकेत यातून रूढ झाला. परंतु ‘एफसिंक’च फसली तर पुढे काय करावे, याविषयी पुष्कळ काळ संदिग्धता राहिली.

वार्तेची गळती : धारिका प्रणाली बहुधा सी या भाषेत लिहिलेल्या असतात. या भाषेत एका कार्यांशाने दुसऱ्यास बोलाविल्यावर त्रुटी-क्रमांक उत्तर म्हणून परत येतो. परंतु तो पाहण्याची सक्ती भाषा करीत नाही. न पाहिलेला क्रमांक कोणतीही खूण न ठेवता नाहीसा होतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६ या आवृत्तीतील सर्व धारिका प्रणाली व तीन प्रमुख साठवण-चालक यांची संहिता एका विश्लेषक कार्यक्रमाच्या साहाय्याने तपासली. तेव्हा १,१५३ ठिकाणी, म्हणजे तपासलेल्या आवाहनांपैकी १३ टक्क्यांच्या बाबतीत, त्रुटी-क्रमांक कोणतीही कारवाई न होता गळून पडतो असे आढळले. वाचनाच्या त्रुटींपेक्षा लेखनाच्या त्रुटी अधिक वेळा दुर्लक्षिल्या जातात, हेही या अभ्यासाने दाखवून दिले.

या शेवटच्या निष्कर्षाचे कारण समजण्यासारखे आहे. वाचन फसले, तर मागणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही आणि तो अडून बसतो. लेखन फसले, तर त्या क्षणी कोणाचेच अडत नाही. नड उद्या किंवा वर्षानंतर निर्माण होते. शिवाय त्यांतील अनेक गळती अनवधानाच्या नसून हेतुपुरस्सर असाव्यात असेही संशोधकांना दिसले. त्या जागी त्रुटी मिळाली तरी करण्यासारखे काय, हे संहिता लिहिणाऱ्यास सुचलेले नसते.

पोस्टग्रेस्क्यूएल प्रकरण : पोस्टग्रेस्क्यूएल ही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली माहितीसंग्रह प्रणाली आहे. तीत प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत लिहून ‘एफसिंक’ने पक्का केला जातो, मूळ सारण्यांच्या धारिकांत तो सावकाश उतरतो. ठरावीक काळाने एक तपासबिंदू घेण्यात येतो. त्या वेळी सर्व संबंधित धारिकांवर ‘एफसिंक’ केली जाते आणि त्या सर्व यशस्वी झाल्या, की तोपर्यंतच्या रोजकीर्दीची गरज संपली असे मानून तिची जागा पुन्हा वापरली जाते. ‘एफसिंक’ फसली, तर तपासबिंदू अपूर्ण मानून काही वेळाने पुन्हा प्रयत्न होत असे. पहिल्या खेपेस न उतरलेली पाने गाभ्याच्या स्मृतीत अलिखित म्हणूनच राहतात व दुसऱ्या खेपेस पुन्हा लिहिली जातात, हे त्यात गृहीत होते.

हे गृहीत चुकीचे असल्याचे मार्च २०१८ मध्ये या प्रणालीच्या विकासकांपैकी क्रेग रिंगर यांनी निदर्शनास आणले. लिनक्समध्ये पान साधनावर उतरविताना त्रुटी आली, तरी ते पान ‘लिखित’ म्हणून नोंदले जात असे व त्रुटीची एक खूण तेवढी ठेवली जात असे. पहिली ‘एफसिंक’ ती खूण वाचून अपयश कळवी आणि त्याच वेळी खूण पुसली जाई. दुसऱ्या ‘एफसिंक’ला अलिखित पानही दिसत नसे आणि खूणही दिसत नसे, म्हणून ती यशस्वी होई. या यशावर विसंबून रोजकीर्दीतील नोंद काढून टाकली, की त्या बदलाची टिकाऊ प्रत कोठेच उरत नसे. पुनःप्रयत्न हा येथे उपाय न ठरता हानीचेच कारण ठरत होता.

लिनक्सच्या या वर्तनामागेही कारण होते. एखादे सुटे साठवण-साधन लेखन चालू असतानाच संगणकातून काढून घेतले, तर त्याची पाने कधीच उतरणार नाहीत. ती अलिखित म्हणून कायम ठेवली, तर कालांतराने सर्व स्मृती त्यांनीच व्यापली जाऊन संगणक बंद पडेल. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रचालन प्रणालीने मात्र फसलेली पाने अलिखितच ठेवण्याचा मार्ग पूर्वीच स्वीकारला होता. दोन्ही बाजूंची भूमिका आपापल्या ठिकाणी सयुक्तिक होती. उणीव होती ती दोहोंमधील कराराच्या स्पष्टतेत. अपयशानंतरच्या ‘एफसिंक’च्या यशाचा अर्थ काय, हे दोघांनी वेगवेगळे गृहीत धरले होते.

पोस्टग्रेस्क्यूएलच्या १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रसृत झालेल्या आवृत्त्यांत हे वर्तन बदलण्यात आले. सारण्यांच्या धारिकांवरील ‘एफसिंक’ फसल्यास प्रणाली आता पुनःप्रयत्न न करता तत्काळ थांबते. पुन्हा सुरू झाल्यावर ती मागील यशस्वी तपासबिंदूपासूनच्या रोजकीर्दीवरून सर्व बदल नव्याने लिहिते. जेथे प्रचालन प्रणालीची पाने टिकण्याची खात्री असेल, तेथे जुने वर्तन निवडण्याची सोय ठेवलेली आहे. वरवर पाहता कोसळणे हे अपयश वाटते. परंतु रोजकीर्द शाबूत असताना कोसळणे, हे ती गमावून चालत राहण्यापेक्षा सुरक्षित असते.

लिनक्समधील सुधारणा : त्रुटीची खूण एकाने वाचताच ती सर्वांसाठी पुसली जाणे, हा जुन्या रचनेतील मोठा दोष होता. एकच धारिका दोन कार्यक्रमांनी उघडली असेल, तर ज्याची ‘एफसिंक’ आधी होई त्यालाच त्रुटी कळे. जेफ लेटन यांनी तयार केलेली नवी रचना २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तीत खुणेऐवजी त्रुटींचा एक चढता क्रम ठेवला जातो. धारिका उघडताना तेव्हाचा क्रम नोंदविला जातो आणि ‘एफसिंक’च्या वेळी तो सध्याच्या क्रमाशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे धारिका उघडून ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्रुटी निदान एकदा कळते. जी त्रुटी अद्याप कोणीच पाहिलेली नाही ती नंतर धारिका उघडणाऱ्यासही कळावी, अशी सुधारणा २०१८ मध्ये करण्यात आली. या सुधारणांनी वार्ता पोहोचण्याची खात्री वाढली. फसलेले पान मात्र त्यांमुळे परत मिळत नाही.

यानंतर विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ईएक्सटी ४, एक्सएफएस व बीटीआरएफएस या धारिका प्रणालींवर रेडिस, एलएमडीबी, लेव्हलडीबी, एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस्क्यूएल या अनुप्रयोगांची परीक्षा घेतली. ईएक्सटी ४ व एक्सएफएसमध्ये ‘एफसिंक’ फसल्यावरही स्मृतीतील पानात नवी माहिती राहते, तर तबकडीवर जुनीच असते. अशा वेळी अनुप्रयोगाने वाचून पाहिले, तर त्याला नवी माहिती दिसते; परंतु ते पान स्मृतीतून काढले गेले, की जुनी माहिती वर येते. बीटीआरएफएसमध्ये स्मृतीतील स्थितीही पूर्वीसारखी केली जाते. परीक्षेत घेतलेल्या कोणत्याही अनुप्रयोगाचा उपाय सर्व परिस्थितींत पुरेसा ठरला नाही. लिहिलेले लगेच वाचून पाहणे हा पडताळा नव्हे, हे यावरून ध्यानात येते; कारण ते वाचन बहुधा तबकडीवरून होत नसून स्मृतीतूनच होत असते.

अनुप्रयोगांसाठी नियम : वरील विवेचनावरून माहिती टिकविणाऱ्या कार्यक्रमांनी पाळावयाचे काही नियम निष्पन्न होतात. ‘राइट’ने मागितले त्याहून कमी अक्षरे लिहिल्याचे उत्तर दिल्यास उरलेली अक्षरे पुन्हा लिहिली पाहिजेत. धारिका बंद करण्याच्या विनंतीचे उत्तरही तपासले पाहिजे. कारण जालकावरील धारिका प्रणालींत लेखनाची त्रुटी पुष्कळदा तेव्हाच कळते. अस्तित्वात असलेल्या धारिकेवर थेट लिहिण्याऐवजी नवा मजकूर तात्पुरत्या धारिकेत लिहावा, तिच्यावर ‘एफसिंक’ करावी, ती यशस्वी झाल्यावरच तिला मूळ धारिकेचे नाव द्यावे आणि शेवटी निर्देशिकेवरही ‘एफसिंक’ करावी. या क्रमात कोठेही अपयश आले, तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक धारिका पूर्ण स्वरूपात शिल्लक राहते. ‘एफसिंक’ फसल्यास ती पुन्हा करून मिळालेल्या यशावर विसंबू नये. मूळ माहिती जेथे निर्विवाद उपलब्ध असेल, तेथून ती नव्याने लिहावी. तोपर्यंत मूळ प्रत नष्ट करू नये.

परीक्षण : त्रुटी-व्यवस्थेची संहिता हा कार्यक्रमाचा सर्वांत कमी वेळा चालणारा भाग असतो. चांगल्या तबकडीवर ती वर्षानुवर्षे एकदाही चालत नाही आणि म्हणून तीतील दोष लपून राहतात. यासाठी त्रुटी मुद्दाम निर्माण कराव्या लागतात. लिनक्समध्ये प्रत्यक्ष साधन आणि धारिका प्रणाली यांच्या दरम्यान एक कृत्रिम साधन उभे करता येते. त्यातील एक प्रकार प्रत्येक विनंतीला त्रुटीचे उत्तर देतो, तर दुसरा काही काळ नीट चालून काही काळ फसतो. अशा साधनावर अनुप्रयोग चालवून, मध्येच संगणक पुन्हा सुरू करून, स्मृती रिकामी झाल्यावर माहिती तपासणे ही परीक्षणाची विश्वसनीय पद्धत मानली जाते.

कोणतीही धारिका प्रणाली साधनाचा बिघाड पूर्णपणे थोपवू शकत नाही. पडताळा-अंक, दुहेरी प्रती व रोजकीर्द यांनी हानीची शक्यता कमी होते. परंतु या सर्वांची उपयुक्तता त्रुटीची वार्ता प्रत्येक स्तराने जशीच्या तशी पुढे नेण्यावर अवलंबून असते. एका स्तराने अपयशाचे यश म्हणून भाषांतर केले, तर त्यावरील सर्व स्तरांची दक्षता व्यर्थ जाते.